पिस्तुलाला दिवा लावण्याआधी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा शस्त्रपरवाना अधिकारी,
चंदीगड

महोदय,

फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाविरुद्ध बहात्तर तासांचा संप पुकारला आणि आपलं शहर अंधारात गेलं. सिग्नल बंद पडले, सरकारी रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि लष्कराच्या अभियंत्यांना मदतीला बोलवावं लागलं. पुढे मे २०२५ मध्ये पाकिस्तानबरोबरच्या संघर्षात भोंगे वाजले. ७ तारखेच्या संध्याकाळचा ब्लॅकआउट सरावाचा होता. ८ तारखेच्या रात्रीचा सरावाचा नव्हता. रुंद रस्ते आणि दिव्यांच्या सरळ रांगा यांची सवय झालेल्या आपल्या सेक्टरांना अंधार काय असतो ते या दोन प्रसंगांनी दाखवलं.

अशाच रात्री परवान्याचं हत्यार कपाटातून बाहेर निघतं. अलीकडे घेतलेलं पिस्तूल असेल तर त्याच्या नळीखाली एक छोटा, प्रखर दिवा बसवण्याची सोय असते. मी हे पत्र त्या दिव्याबद्दल लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण पुण्या-नाशकात परवाने देणारे पोलीस आयुक्त आणि ते घेणारी कुटुंबं यांच्यापुढेही हाच प्रश्न आहे. याची हिंदी प्रत मी आपल्या कार्यालयात देत आहे.

आमच्या घरात .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. सासरे सैन्यातून निवृत्त होऊन इथे स्थायिक झाले. त्यांच्या पश्चात ते माझ्या पतींच्या परवान्यावर आलं. हत्यार कानपूरचं, काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. त्याला दिवा लावायला जागाच नाही, त्यामुळे हा विषय आमच्या घरात कधी निघाला नव्हता. नव्या पिस्तुलांना नळीखाली, ट्रिगरच्या पुढे, खाचा असलेली पट्टी असते. तिला रेल म्हणतात. अमेरिकी सैन्याने अशा पट्टीची मापं १९९५ मध्ये पक्की केली, न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रागारावरून तिला नाव पडलं, आणि दिवा किंवा लेझर सरकवून अडकवणं सोपं झालं. आमच्या पुतण्याने आता स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलं आहे. रेल असलेलं पिस्तूल घ्यायचं आणि त्यावर हजार ल्यूमेनचा दिवा बसवायचा, हेही त्याने ठरवून ठेवलं आहे.

पुतण्या उथळ नाही. पंजाबी गाण्यांतल्या बंदुका पाहून हुरळून जाणाऱ्यांतला तर मुळीच नाही. १३ नोव्हेंबर २०२२ ला शेजारच्या पंजाब सरकारने हत्यारांच्या जाहीर प्रदर्शनावर आणि तसल्या गाण्यांवर बंदी घातली, तेव्हा त्याला ती योग्यच वाटली होती. त्याचं म्हणणं मी पूर्ण ऐकून घेतलं आणि त्यात तथ्य आहे. दिसत नसलेल्या गोष्टीवर गोळी झाडणं हा अंधारातला सर्वात मोठा धोका. दिवा पिस्तुलावरच असला तर नेम आणि उजेड एकाच जागी येतात. एक हात मोकळा राहतो; त्या हाताने मूल उचलता येतं, दार ओढून घेता येतं, ११२ ला फोन लावता येतो. जगभरचे पोलीस इमारतीची झडती घेताना असे दिवे वापरतात.

तरीही या दिव्याची एक गोष्ट कोणत्याही कंपनीला बदलता आलेली नाही आणि येणारही नाही. दिवा जिकडे वळतो तिकडे नळी वळते. कोपऱ्यात कोण उभं आहे ते पाहायचं असेल तर त्या माणसावर भरलेलं पिस्तूल रोखावं लागतं. ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवायची नाही, हा नियम नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात. पिस्तुलावरच्या दिव्याने घर धुंडाळणारा माणूस तो नियम पहिल्याच खोलीत मोडतो.

आणि रात्री-अपरात्री चंदीगडच्या घरात किंवा घराशेजारी कोण सापडतं? पाण्यासाठी उठलेली आजी. विसरभोळेपणाच्या आजारामुळे मागचं दार उघडून अंगणात गेलेले आजोबा. न सांगता उशिरा परतलेला आणि आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना चढणारा मुलगा. वरच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहणारा भाडेकरू. पहाटे चार वाजता गुरुद्वाऱ्याला निघालेले शेजारी, ज्यांची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे. घरात ऐकू आलेल्या आवाजामागे चोर असण्यापेक्षा यांच्यापैकी कोणी असण्याची शक्यता कितीतरी जास्त. यांना पाहण्यासाठी आपण त्यांच्या छातीवर पिस्तूल धरणार आहोत का, हा प्रश्न मी पुतण्याला विचारला. त्याचं उत्तर प्रामाणिक होतं: नळी जमिनीकडे ठेवायची, जमिनीवरून परावर्तित झालेल्या उजेडात पाहायचं. बरोबर आहे. जाणकार प्रशिक्षक असंच शिकवतात. हजार ल्यूमेन म्हणजे जुन्या पंचाहत्तर वॅटच्या बल्बाच्या जवळपास जाणारा उजेड, अरुंद झोतात कोंडलेला. तो जमिनीवर किंवा छताकडे सोडला तरी लहान खोली उजळून निघते. पण हे जमायला सराव लागतो. घाबरलेला माणूस जिथे बघतो तिथेच हात नेतो, आणि सराव न केलेला माणूस तर हमखास.

बोटांचाही विचार करायला हवा. या दिव्याचं बटण ट्रिगरच्या अगदी पुढे असतं. काही प्रकारांत ट्रिगरखाली, मुठीवर दाबायचं बटण असतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या प्लेनो शहरात एका पोलीस अधिकाऱ्याने पिस्तुलावरचा दिवा लावायला बोट दाबलं आणि समोरचा संशयित गोळी लागून मेला. तो अधिकारी रोज पिस्तूल बाळगणारा, प्रशिक्षण घेतलेला होता. रॉजर एनोका या शास्त्रज्ञाने नकळत गोळी सुटण्याची शारीरिक कारणं मांडली आहेत: माणूस दचकतो, त्याचा तोल जातो, किंवा एका हाताने जोर लावला की दुसऱ्या हाताचे स्नायूही आपोआप आवळतात. रात्री अर्धवट झोपेत, अनवाणी, ओल्या फरशीवर चालणाऱ्या गृहस्थाच्या बाबतीत ही तिन्ही कारणं एकाच वेळी हजर असू शकतात.

उजेडाच्याही मर्यादा आहेत आणि इथल्या हवेत त्या जास्त जाणवतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे जे दाट धुकं उतरतं, त्यात प्रखर झोत सोडला की समोर पांढरा पडदा उभा राहतो आणि दिवा धरणाऱ्याचेच डोळे दिपतात. पांढऱ्या भिंतीच्या अरुंद बोळात, आरशासमोर, काचेच्या दारासमोर हेच होतं. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ती एका झोतात जाते. शिवाय दिवा लावणारा नेमका कुठे उभा आहे हे समोरच्याला कळतं. म्हणूनच हातातली बॅटरी शरीरापासून लांब, बाजूला आणि वर धरण्याची पद्धत शिकवली जाते. पिस्तुलावरचा दिवा असा लांब धरता येत नाही. तो छातीसमोरच असतो.

हे सगळं तंत्राचं झालं. माझ्या मनात जी घटना घर करून बसली आहे ती वेगळी आहे. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात धावपटू ऑस्कर पिस्टोरिअसने स्वच्छतागृहाच्या बंद दारातून ९ एमएम पिस्तुलाच्या चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकँप होती, ती मेली. घरात चोर शिरला असं वाटलं, रीव्हा पलंगावरच आहे असं धरून चाललो, असं त्याचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं यावर जगभर वाद झाला. वरिष्ठ न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये त्याला खुनासाठी दोषी धरलं आणि म्हटलं की दारामागे कोण आहे हे महत्त्वाचं नाही. जो कोणी असेल तो मरू शकतो हे त्याला दिसत होतं. पुढे शिक्षा तेरा वर्षं पाच महिन्यांची झाली. या खटल्यात त्याने परवान्यासाठी दिलेल्या परीक्षेचीही चर्चा झाली. कधी गोळी झाडता येते आणि कधी नाही हे त्याने त्या कागदावर बरोबर लिहिलं होतं.

त्या बंद दारातून कुठलाही दिवा आरपार गेला नसता, मग तो पिस्तुलावर असो की हातात. त्याचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं तरी त्याला एकच उजेड हवा होता: पलंगावरचा. आपलं माणूस जागेवर आहे का हे बघणारा. महोदय, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. रात्री घरात आवाज झाला तर पहिला उजेड आपल्या माणसांवर पडला पाहिजे. मुलं खोलीत आहेत, सासूबाई पलंगावर आहेत, भाडेकरूच्या खोलीत दिवा आहे, हे आधी कळलं पाहिजे. आणि म्हणून तो पहिला उजेड पिस्तुलावर असूच शकत नाही. आपल्या झोपलेल्या मुलाकडे कोणी पिस्तूल वळवून पाहत नाही. ज्याच्याकडे फक्त पिस्तुलावरचाच दिवा आहे, तो माणूस मुलांच्या खोलीत न बघताच पुढे जातो.

म्हणून मी पुतण्याला सांगितलं: भिंतीवरचं बटण, मग साधी हातातली बॅटरी, मग मोठ्याने हाक, मग ११२. एवढं झाल्यावरही धोका उरला तर हत्यार. त्या हत्यारावर दिवा असला तर असू दे, शेवटच्या क्षणी तो उपयोगी पडू शकतो. पण उशाशी बॅटरी नाही आणि पिस्तुलावर दिवा आहे, असं घर मला सुरक्षित वाटत नाही.

कायद्याला अंधार कळतो, हे मला विशेष वाटतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये मालमत्तेच्या रक्षणासाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत बचावाचा हक्क कोणत्या प्रसंगी जातो याची यादी आहे, आणि तिच्यात सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी आहे. दिवसाची घरफोडी त्या शब्दांत नाही. रात्री घरच्या माणसाला कमी दिसतं आणि तो जास्त घाबरलेला असतो, हे कायदा करणाऱ्यांनी जाणलं होतं. त्याच संहितेचं कलम ३७ सांगतं की पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कधीच नाही. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे नवे फौजदारी कायदे पूर्णपणे लागू करणारं पहिलं ठिकाण म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आपल्याच शहराचं नाव जाहीर केलं. त्यामुळे परवाने देतानाही अंधाराचा विचार करण्याची सुरुवात इथूनच व्हावी असं मला वाटतं.

कारण परवान्याची प्रक्रिया मात्र अंधार विचारात घेत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि एस-१ नमुन्यातलं प्रमाणपत्र आणलं, ही मोठी सुधारणा होती. हत्यार कसं धरावं, कसं ठेवावं, कसं न्यावं, कशी देखभाल करावी हे त्यात येतं. पण ते सगळं दिवसा, उजेडात, कागदी लक्ष्यासमोर शिकायचं. ज्या प्रसंगासाठी माणूस आत्मसंरक्षणाचा परवाना मागतो, तो प्रसंग बहुधा रात्रीचा असतो. दिव्याबद्दल तर शस्त्र अधिनियम गप्पच आहे: १९५९ च्या कायद्याने गोळीचा आवाज किंवा ज्वाळा लपवणारी साधनं बंदुकीच्या व्याख्येतच घातली, पण उजेड पाडणाऱ्या साधनाचा विचार तेव्हा कोण करणार होतं? आज तो दिवा कोणीही विकत घेऊन पिस्तुलावर चढवतो आणि त्याबद्दल कोणी एक शब्द विचारत नाही.

साध्या हाताळणीतही काय घडू शकतं ते मुंबईने पाहिलं आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायात शिरली. तिथे चोर नव्हता, दिव्याचं बटणही नव्हतं. अशा हातांत आपण आणखी एक बटण देतो आहोत.

माझी मागणी बंदीची नाही. बंदी घातली तर दिवा लपवून बसवला जाईल आणि शिकवण्याची संधी हातची जाईल. शस्त्र अधिनियमाचं कलम १७ परवाना अधिकाऱ्याला परवान्याच्या अटी बदलण्याचा अधिकार देतं. नियमांनी ठरवून दिलेल्या अटी तेवढ्या सोडून. त्या अधिकारात आपण आत्मसंरक्षणासाठीच्या परवान्यांना एक अट जोडावी: सूर्यास्तानंतरच्या एका सत्राला हजेरी. त्या सत्रात एकही गोळी झाडायची गरज नाही. एक अंधारी खोली, हातातली बॅटरी, आणि भिंतीवर माणसांची चित्रं. एकाच्या हातात मोबाइल, एकाच्या हातात सुरा, एक मूल, एक हात वर केलेला माणूस. पाहा, ओळखा, आणि काय करणार ते सांगा. ज्याच्या पिस्तुलावर दिवा आहे त्याने तो जमिनीकडे ठेवून, बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवून, रिकाम्या हत्याराने हेच करून दाखवावं. ज्याला ते येत नाही त्याने दिवा काढून ठेवावा आणि पुन्हा यावं.

असं सत्र उभं करायला लागणारी माणसं या शहरात आहेत. सेक्टर २५ मध्ये नेमबाजीची रेंज आहे. सेक्टर ३६ मध्ये केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. गोळी कुठून आली आणि कशातून गेली हे तिथले तज्ज्ञ वर्षानुवर्षं तपासत आले आहेत. एका खोलीत झाडलेली गोळी प्लायवूडच्या दारातून पुढच्या खोलीत कशी पोचते, याची एकदा त्यांनी दाखवलेली चित्रफीत शंभर भाषणांपेक्षा उपयोगी पडेल. सेक्टर ३० मध्ये डीआरडीओची टर्मिनल बॅलिस्टिक्स प्रयोगशाळा आहे आणि त्याच सेक्टरात प्रकाशीय उपकरणांसाठी नावाजलेली सीएसआयओ ही संस्थाही आहे. दारूगोळा आणि प्रकाश, दोन्हींचे जाणकार एका सेक्टरात सापडतील असं दुसरं शहर मला माहीत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट, जी सहज राहून जाते. नियमांप्रमाणे पिस्तूल सार्वजनिक ठिकाणी म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये, झाकलेलं न्यायचं असतं. दिवा बसवलेलं पिस्तूल जुन्या होल्स्टरमध्ये मावत नाही. मग माणसं ते कमरेला तसंच खोचतात, नाहीतर सैल कापडी पिशवीत टाकतात. त्या दिव्यासाठी बनवलेल्या होल्स्टरचं तोंडही रुंद असतं, आणि शर्टाची कड किंवा जॅकेटची दोरी आत जाऊन ट्रिगरला अडकू शकते. परवान्यावर नव्या पिस्तुलाची नोंद करताना ‘दिवा बसवला आहे का, आणि त्याचं होल्स्टर कुठे आहे’ एवढं आपल्या लिपिकाने विचारलं तरी पुष्कळ झालं. विक्रेत्यांनाही सांगता येईल की दिवा विकताना ग्राहकाला हातातली बॅटरीही दाखवा.

सत्र कधी आणि कुठे सुरू होईल हे आपल्या कार्यालयाने जाहीर करावं, अशी विनंती आहे. आमच्या रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं आहे. त्या अर्जाला या सत्राच्या हजेरीचा कागद जोडायची माझ्या पतींची तयारी आहे. पुतण्याने कबूल केलं आहे की पिस्तूल घेण्याआधी तो या सत्राला येईल आणि दिवा विकत घ्यायचा की नाही ते त्यानंतर ठरवेल. मी परवानाधारक नाही, पण त्या घरात राहते. म्हणून परवानाधारकांच्या घरातल्या प्रौढ माणसांनाही सत्रात बसू द्यावं, ही आणखी एक विनंती.

आपली विश्वासू,
चंदीगडमध्ये राहणारी एक मराठी गृहिणी